नागवेलीचें पाणी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर माहीम नांवाचीं दोन गांवें आहेत. एक मुंबई बेटाच्या उत्तर टोंकास, मिठी नदी जेथें समुद्रास मिळते तेथें. आणि दुसरें तेथून बरेंच उत्तरेस, पालघरजवळ, केळवें गांवास लागून, म्हणून लोक त्यास केळवें-माहीम म्हणतात. १८८२ सालीं ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर छापलें गेलें तेव्हां तो सारा तालुकाच माहीम या नांवानें ओळखला जात असे. वि. का. राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'महिकावतीच्या बखरीं'तील राजधानी यांपैकीं कोणत्या माहिमास मानावी, हा पंडितांचा विषय होय. आजच्या भाषणाचा नव्हे. आजचा विषय त्याहून लहान, पण घराघरांतला आहे. दोन्ही माहिमांत पूर्वीं वाड्या होत्या. मुंबईच्या माहिमांत आज टायकलवाडी, वांजेवाडी अशीं नांवें तेवढीं उरलीं आणि वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या. केळव्याच्या माहिमांत मात्र नारळी-पोफळींच्या सांवलींत पानवेलींचे मळे अजूनही पाहावयास मिळतात.

१९७० च्या सुमारास त्या दुसऱ्या माहिमांतील एका वाडवळ घरची मुलगी लग्न होऊन पहिल्या माहिमांत आली. सासर म्हणजे एका दुमजली चाळींतील तळमजल्यावरच्या दोन खोल्या, आणि मागें लहानसें परस. तिच्या ट्रंकेंत साड्यांच्या खालीं केळीच्या सोपटांत आणि ओल्या काथ्यांत गुंडाळलेल्या नागवेलीच्या चार कांड्या होत्या. घरांतील मंडळी हंसलीं. मुंबईंत कोपऱ्याकोपऱ्यावर पानाचें दुकान असतांना माहेराहून पानाची वेल आणणारी सून त्यांनीं प्रथमच पाहिली होती. शेजारणीनें मात्र आस्थेनें सल्ला दिला, "अहो वहिनी, मोरीच्या तोंडाशीं लावा कीं. दिवसभर आयतें पाणी मिळेल."

"अहो, ही नागवेल आहे, अळू नव्हे," एवढेंच ती म्हणाली. आणि मोरीपासून आठ पावलांवर, परसांतल्या शेवग्याच्या बुंध्याशीं, जमीन जेथें जराशी उंच होती तेथें तिनें त्या कांड्या लावल्या.

अळू हें दलदलीचें झाड. त्याचे पाय चिखलांत राहिले तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं. नागवेल ही रानाची वेल, मिरी आणि पिंपळी यांच्या कुळांतली. मलायाच्या बाजूच्या दाट व ओल्या अरण्यांत तिचें मूळ स्थान असावें, असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तशा अरण्यांत पाऊस फार, पण तो थेट जमिनीवर कोसळत नाहीं. वरच्या पानांच्या छतांतून गळत, फांद्यांवरून ओघळत तो खालीं येतो. खालीं कुजक्या पानांचा जाड थर पसरलेला असतो. पाणी त्यांत जिरतें, आणि जास्त झालेलें खालीं निघून जातें. ऊन जमिनीला लागत नाहीं म्हणून ओल लवकर उडतही नाहीं. असा थर हातानें चांचपून पाहावयाचा असेल तर माहीमकरांना फार दूर जावयास नको. मिठीच्या कांठीं, जेथें पूर्वीं शहराचा कचरा टाकला जात असे, तेथें उभें राहिलेलें महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ सालीं लोकांना खुलें झालें. तेथील झाडांखालचीं वाळलेलीं पानें पायानें बाजूला सारलीं कीं खालची काळी, भुसभुशीत, ओलसर माती दिसते. मुठींत दाबली तर गोळा होतो, पण बोटांतून पाणी गळत नाहीं. नागवेलीस हवी असते ती नेमकी ही ओल.

तिच्या अंगाची घडणही तशीच आहे. पान मोठें, पातळ, हृदयाच्या आकाराचें. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. मुळ्या मात्र उथळ. अन्नपाणी शोषणाऱ्या बारीक मुळ्या जमिनीच्या वरच्या वीतभर थरांतच पसरलेल्या असतात. पेरापेराशीं दिसणाऱ्या दुसऱ्या मुळ्या या आधाराला चिकटण्यासाठीं. त्यांच्यावर तिची तहान भागत नाहीं. म्हणजे खर्च मोठा आणि सांठा लहान. अशा गृहस्थाला महिन्याचा पगार एकदम देऊन भागत नाहीं. त्याला रोजचा रोज थोडा पैसा लागतो. पानमळेवाले हें पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. मिरजेजवळच्या आरग, बेडग, मालगांव येथील मळ्यांत जा किंवा किनाऱ्यावरच्या वाड्यांत जा, रीत एकच: पाणी हलकें आणि वारंवार द्यावयाचें, आणि दिलेलें पाणी वाफ्यांत तुंबूं द्यावयाचें नाहीं.

तुंबलेलें पाणी इतकें वाईट कां? मातीच्या कणांमधल्या पोकळींत हवा असते, आणि मुळ्यांना ती हवा श्वासासाठीं लागते. पोकळ्या पाण्यानें भरल्या कीं मुळ्या गुदमरतात आणि कुजूं लागतात. त्यांतच एक सूक्ष्म रोगजंतु संधि साधतो. फायटॉफ्थोरा हें त्याचें नांव. त्याचे बीजाणू पाण्यांत अक्षरशः पोहतात, आणि साचलेल्या पाण्यांतून एका वेलीच्या पायापासून दुसरीच्या पायापर्यंत जातात. जमिनीलगतचें खोड काळें पडतें, मऊ होतें, आणि वर हिरवीगार दिसणारी वेल थोड्याच दिवसांत मान टाकते. मळेवाले याला मर म्हणतात. मोरचूद आणि चुना यांचें जें मिश्रण त्यावर वापरतात, तें फ्रान्सांतील बोर्डो प्रांतांत द्राक्षांसाठीं १८८५ च्या सुमारास प्रचारांत आलें. पानाला शेवटीं चुना लागतोच, तो असा आधींही लागतो! परंतु हें औषध रोग येण्यापूर्वीं करावयाचें. खोड काळें पडल्यावर त्याचा उपयोग थोडा.

आतां ऋतूंकडे वळूं. वर्षाचा आरंभ मृगापासून धरणें योग्य, कारण मुंबईंत पाण्याचा हिशेब तेथूनच बदलतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत पाऊस सुरू झाला कीं पहिले आठ-दहा दिवस फसवे असतात. एक सर येते, वरचें बोटभर भिजतें, आणि घरांतील माणसें पाणी घालणें बंद करतात. खालची माती मात्र मेच्या उन्हानें तापलेली, कोरडीच असते. आर्द्रा लागेपर्यंत बोट घालून पाहिल्यावांचून हात आंखडूं नये. पुढें जुलैंत प्रश्न उलटा होतो. सांताक्रूझच्या वेधशाळेंत एकट्या जुलैची सरासरीच आठशें मिलिमीटरांहून अधिक आहे. त्या दिवसांत नागवेलीस पाणी घालणें हें काम नसून पाणी काढून देणें हें काम असतें. वेलीच्या पायाशीं माती चढवून उंचवटा करावा, भोंवतीं चर काढावा, कुंडी असेल तर तिच्या बुडाचें छिद्र काडीनें मोकळें करावें आणि खालची थाळी काढून ठेवावी. ही थाळी फरशी स्वच्छ ठेवते हें खरें, पण पावसाळ्यांत ती वेलीच्या पायांखालचें डबकें होते.

त्या चाळींतल्या वेलीनें पस्तीस पावसाळे पाहिले. शेवग्यावर ती दोन पुरुष उंच गेली होती. चाळींतल्या सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला, गौरीच्या विड्याला तिचींच पानें जात. (पान पूजेंत ठेवणें आणि सुपारी-तंबाखू घालून खाणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तंबाखूनें आणि सुपारीनेंही तोंडाचा कर्करोग होतो हें आतां निःसंशय ठरलें आहे. त्यांत वेलीचा दोष नाहीं.) मग २६ जुलै २००५ चा दिवस आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी फुगली, समुद्राला भरती होती, आणि चाळीच्या तळमजल्यांत कमरेइतकें पाणी शिरलें. सामान वरच्या मजल्यावर गेलें, माणसेंही गेलीं. दुसऱ्या दिवशीं पाणी ओसरूं लागलें तेव्हां परसांत गाळ होता, आणि त्यांत नागवेल उभी होती, नेहमींसारखीच हिरवी.

सारे म्हणाले, निदान वेल तरी वांचली. ती बाई, आतां आजी झालेली, कांहीं बोलली नाहीं. तिनें गाळांतून वाट काढली, कोयत्यानें वेलीचा वरचा, पाण्याच्या वर राहिलेला भाग तोडला, आणि चार-चार पेरांच्या कांड्या करून त्या वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे फुटक्या माठांत लावल्या. घरांत भांडीं धुवावयास पाणी नाहीं, पीठ भिजून गेलेलें, आणि ही वेल तोडीत बसली, म्हणून तिच्या यजमानांना रागही आला. आठव्या दिवशीं परसांतल्या वेलीचें खोड जमिनीशीं काळें पडलें, आणि पंधरा दिवसांत ती शेवग्यावर दोरीसारखी वाळून लोंबूं लागली. माठांतल्या सहा कांड्यांपैकीं दोन जगल्या.

पावसाळा सरतांना, हस्ताच्या सुमारास, पुन्हां एक फसवा काळ येतो. सकाळीं ढग, दुपारीं गडगडाट, आणि दोन दिवसांनीं एकदम कडक ऊन. चार महिने सैल राहिलेला हात तसाच सैल राहतो आणि आक्टोबरच्या उन्हांत कुंडींतली माती कडेनें सुटते. अशा सुटलेल्या मातींत घातलेलें पाणी मधें न जिरतां कुंडीच्या कडेकडेनें निघून जातें. खालून पाणी आलेलें पाहून माणूस समाधान पावतो आणि वेल तहानलेलीच राहते. तेव्हां प्रथम माती हलक्या हातानें उकरावी, मग थोडें पाणी घालून पंधरा-वीस मिनिटें थांबावें, आणि मग पुन्हां थोडें घालावें.

थंडीबद्दल फार सांगावयाचें नाहीं. मुंबईची थंडी ती काय. तरी डिसेंबर-जानेवारींत वेलीची वाढ मंदावते, आणि पाणी सुमारें निम्म्यावर आणावें. तें सकाळीं ऊन पडल्यावर द्यावें, तिन्हीसांजेस नव्हे. रात्रभर थंड आणि ओली राहिलेली माती तिला मानवत नाहीं.

खरी परीक्षा मे महिन्यांत असते असा पुष्कळांचा समज आहे. मुंबईपुरता तो बरोबर नाहीं. मे तापतो, पण समुद्रावरून येणारी हवा दमट असते. फेब्रुवारी-मार्चमध्यें, होळीच्या आगेमागे, कांहीं दिवस वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो. समुद्राचा वारा दुपारपर्यंत सुटतच नाहीं. त्या दिवसांत हवा इतकी कोरडी होते कीं वाळत घातलेलें धोतर तासाभरांत खडखडीत होतें. धोतरांतलें पाणी जातें तसेंच पानांतलें जातें. असे दिवस ओळखावे, आणि त्या दिवसांत सकाळचें पाणी चुकवूं नये. दुपारीं वेलीच्या भोंवतालची फरशी व भिंत भिजवावी, पानांवर शिंपडावें. हवा ओली केली कीं मुळ्यांवरचा भार हलका होतो. केळव्याच्या वाडींत हें काम केळीचीं झाडें आणि पोफळी करतात; शहरांत तें माणसानें करावयाचें.

पाणी कोणतें, हाही प्रश्न आहे. विहारचें पाणी १८६० सालीं आणि तानसाचें १८९२ सालीं मुंबईस आलें. त्यापूर्वीं शहर विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होतें. पुढें हिवतापाच्या डांसांसाठीं कित्येक विहिरी बुजविल्या गेल्या. ज्या उरल्या, त्यांपैकीं समुद्राजवळच्या विहिरींचें पाणी नागवेलीस घालण्यापूर्वीं जिभेवर घेऊन पाहावें. मचूळ लागलें तर नारळास चालेल, नागवेलीस चालणार नाहीं. पानांच्या कडा करपतील. नळाचें पाणी चांगलें. तें रात्रभर बादलींत उघडें ठेवलें तर त्यांतला औषधाचा वासही कमी होतो आणि तें हवेइतकें कोमट होतें. गच्चीवरच्या टांकीचें दुपारचें पाणी मात्र कधींही घालूं नये. मेच्या दुपारीं त्या नळाखालीं हात धरवत नाहीं, आणि मुळ्यांची कातडी हातापेक्षां नाजूक.

माठांतल्या त्या दोन वेली पुढें कुंड्यांत वाढल्या. कांहीं वर्षांनीं चाळ पाडली गेली आणि तिच्या जागीं उंच इमारत झाली. आजींचें कुटुंब बाराव्या मजल्यावर राहावयास गेलें. तोंवर आजींची दृष्टि मंदावली होती, आणि वेलींचें काम सुनेकडे आलें. सून नोकरी करणारी, कामाला चोख. नव्या घराची गॅलरी पश्चिमेची. न शेवगा, न भिंत, समोर सारा समुद्र. पहिल्याच मे महिन्यांत दुपारीं पानें मलूल होऊन लोंबूं लागलीं. सुनेचा जीव कळवळला. सकाळीं एक तांब्या घालीत असे, तेथें ती दोन घालूं लागली. कामावरून आल्यावर आणखी एक. खालीं थाळी होतीच. पानें पिंवळीं पडूं लागलीं तसें तिनें आणखी वाढविलें. एक वेल गेली. दुसरी जावयाच्या बेतांत होती, तेव्हां ती आजींजवळ येऊन म्हणाली, "आई, मी एक दिवस चुकवलें नाहीं हो. तरी ही कां सुकते?"

आजी भिंतीचा आधार घेत गॅलरींत आल्या. त्यांनीं मातींत बोट घातलें, दुसऱ्या पेरापर्यंत, मग तें नाकाशीं नेलें.

"सूनबाई, मातीला आंबूस वास येतो आहे. हिला तहान नाहीं लागली. ही बुडते आहे."

ही चूक इतकी सार्वत्रिक आहे कीं सुनेस बोल लावतां येत नाहीं. तहानेनें आणि बुडण्यानें पान अगदीं सारखेंच लोंबतें, कारण दोन्हींत पानापर्यंत पाणी पोंचत नाहीं. एकींत मातींत पाणी नसतें म्हणून, दुसरींत पाणी उचलणारी मुळी कुजलेली असते म्हणून. डोळ्यांनीं फरक कळत नाहीं, परंतु वेळेवरून कळतो. दुपारीं लोंबलेलीं पानें सूर्यास्तानंतर आपोआप ताठ झालीं, तर ती उन्हाची ग्लानि समजावी. तिला पाणी नको, सांवली हवी. पहाटे, गार हवेंतही पानें लोंबलेलीं असतील, तरच कांहीं बिघडलें आहे. आणि तेव्हां बोट मातींत घालावें. बोट कोरडें निघालें तर पाणी, ओलें निघालें तर कुंडी उपडी करून मुळ्या पाहाव्या. निरोगी मुळी पांढुरकी आणि घट्ट असते. कुजलेली तपकिरी, आणि चिमटींत धरून ओढली कीं साल निसटून नुसता दोरा हातांत राहतो.

त्या वेलीच्या अर्ध्याहून अधिक मुळ्या अशाच दोऱ्यासारख्या निघाल्या. आजींनीं सांगितलें तसें सुनेनें त्या कापल्या. वरचा पसाराही तेवढाच कमी केला, कारण उरलेल्या मुळ्यांना तितकीं पानें पोसवलीं नसतीं. चकचकीत प्लास्टिकची कुंडी टाकून मातीची आणली. मातीची कुंडी अंगानें श्वास घेते, प्लास्टिकची घेत नाहीं. तळाशीं विटांचे तुकडे, वर माती, कुजलेला पाचोळा, जाडी वाळू आणि पिंजलेला काथ्या. मग ती कुंडी गॅलरींतून काढून आंत, स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीशीं ठेवली. सुनेनें तांब्या उचलला तेव्हां आजी म्हणाल्या, "नको. चार दिवस नुसतें पानांवर शिंपड."

ते चार दिवस सुनेस फार जड गेले. मरतें झाड समोर ठेवून हात बांधून बसणें, हें पाणी घालण्यापेक्षां कितीतरी अवघड आहे. पांचव्या दिवशीं अर्धी वाटी पाणी दिलें. नंतर रोज सकाळीं बोट घालावयाचें आणि मगच ठरवावयाचें, असा क्रम बसला. पुढें तिला बोटही घालावें लागेना. कुंडी जराशी उचलून वजनावरूनच ती सांगूं लागली. ओली कुंडी आणि कोरडी कुंडी यांच्या वजनांतला फरक आठवड्याभरांत हाताला कळूं लागतो. ज्यांना बोट मळवावयाचें नसेल त्यांनीं ही युक्ति करून पाहावी. पहिला नवा कोंब श्रावणांत आला. तो आला तेव्हां आजींनीं तो डोळ्यांनीं न पाहतां अंगठ्यानें चांचपला.

एक गोष्ट राहिली. उन्हाळ्याच्या सुटींत आठ-दहा दिवस घर बंद असतें तेव्हां काय करावें, ही अडचण बहुतेक घरांत येते. शेजाऱ्यांना किल्ली द्यावी, तर शेजारी भल्या मनानें तांब्यामागून तांब्या ओततात. त्या घरीं आतां पुढील उपाय करतात. कुंडीच्या शेजारीं जराशा उंच पाटावर पाण्यानें भरलेली, झांकण घातलेली बादली ठेवतात. सुती कापडाची करंगळीएवढी जाड वात करून, भिजवून, तिचें एक टोंक बादलीच्या तळाशीं आणि दुसरें कुंडींतल्या मातींत चार बोटें खोल पुरतात. वात पाणी थेंबाथेंबानें ओढून देते. वात किती जाड हवी हें निघण्यापूर्वीं दोन दिवस लावून पाहिल्याखेरीज कळत नाहीं. खिडकीचा पडदा अर्धा ओढून घेतात, आणि मंडळी केळवें-माहिमास जातात. येतांना आजी दर वर्षीं माहेरच्या वाडींतून चार कांड्या ओल्या काथ्यांत गुंडाळून आणवितात. न जाणो, पुन्हां लागल्या तर.